आधी इतिवृत्त, मग चहा

डॉक्टर परांजपे अध्यक्ष असताना चहा वेळेवर मिळत नसे. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या आमच्या छोट्या मराठी मंडळात मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर झाल्याशिवाय ते थर्मासचं झाकण उघडू देत नसत. मी सेक्रेटरी. माझ्या यादीत चहा पहिला आणि इतिवृत्त शेवटचं असे. डॉक्टर पेन्सिलीने बाण काढून क्रम उलटा करून देत.

हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच विषय धरला होता: क्रांतीच्या काळातले रशियातले उदारमतवादी. वकील, प्राध्यापक, संपादक अशी ती मंडळी. झार गेल्यावर सत्ता त्यांच्या हाती आली, तेव्हा त्यांनी निवडणुकीचा निर्दोष कायदा लिहायला तज्ज्ञ बसवले. कायदा उत्तम झाला. निवडणूक होण्याआधीच बोल्शेविकांनी सत्ता घेतली.

"माणसं सोन्यासारखी हो," डॉक्टर हळहळत, "पण घड्याळाकडे कुणी बघेना."

हे ऐकताना आमची सभा तासभर लांबलेली असे.

एका वर्षी गणपतीचा आमचा नेहमीचा हॉल आणखी एका गटाला हवा होता. शुक्रवारी बारापर्यंत जो आधी फॉर्म देईल, त्याला हॉल. डॉक्टरांनी गुरुवारी सभा घेतली आणि हॉलबद्दल मतदान कसं घ्यावं हे ठरवायला उपसमिती नेमली. ती रविवारी भेटणार होती.

"डॉक्टर, हॉल उद्या जातोय."

"मुद्दा मान्य, सेक्रेटरीबाई. पद्धतीचं काय?"

शुक्रवारी साडेनऊला मी स्वतःच सही करून फॉर्म दिला आणि त्यांना फोनवर सांगितलं.

"शंभर वर्षांपूर्वी रशियात असतात, तर मला तुरुंगात टाकलं असतंत."

"छे हो. प्रसादाच्या कमिटीवर घेतलं असतं."

"ते एकच."

गणपती थाटात झाला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "हॉल मिळाला, ठीक. आता पुढच्या वेळी तुम्हाला कोण विचारतंय ते बघा."

दिवाळीच्या कार्यक्रमाला आमच्या कमिटीतल्या कुलकर्णींनी परस्पर एक केटरर ठरवला, निशाने परस्पर दुसरा. ऐंशी माणसांपुढे दोन जेवणं आली. मी जाब विचारला, तर दोघंही म्हणाले, "तुम्ही नाही का हॉल घेतलात?" डॉक्टर दोन्हीकडचं जेवले आणि एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मार्चमध्ये डॉक्टर गेले. शोकसभेची यादी मी केली: फोटो, हार, खुर्च्या, चहा. फोटोला हार घातला, दोघं-तिघं बोलले. मग निशाने कप मांडले आणि थर्मासच्या झाकणाला हात घातला.

"थांब गं," मी म्हणाले. "आधी मागच्या सभेचं इतिवृत्त."

कुणी हसलं नाही. सगळे खुर्चीत सावरून बसले. दोन केटररांच्या मुद्द्यासकट मी ते वाचलं, कुलकर्णींनी एक दुरुस्ती सुचवली, ती मताला टाकली. चहा नेहमीसारखाच कोमट होता.