मॅग्नेट सरकला, पण भेव लागला नाई

काल बाबाची तेरवी झाली. आज सकाळी ब्रह्मपुरीतलं आमचं फर्निचरचं दुकान उघडलं आणि मी सरळ कटर मशीनवर जाऊन उभी राहिली.

मशीनच्या लोखंडी टेबलावर आम्ही खटक्याचे दोन मॅग्नेट लावतो. खटका फिरवला की ते घट्ट चिकटतात. त्याले टेकवून सागाची फळी ढकलली की सगळ्या पट्ट्या एका मापाच्या निघतात.

आज तिसऱ्याच पट्टीले मॅग्नेट सरकला. पट्टी पात्यात अडकली आणि उलटी उडून माझ्या कानाजवळून भिंतीवर आदळली.

मशीन बंद करून मॅग्नेट उचलला, तर खाली भुशाचा थर. बाबा मॅग्नेट लावायच्या आधी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं टेबल पुसत. मी पुसलंच नव्हतं. एवढं कळलं, आणि मी दुसरी फळी घेतली.

आमचे जुने मिस्त्री कासिमभाऊ धावत आले.

"लागलं काय बेटा?"

"नाई."

"भेव लागला काय?"

मी आठवून पाह्यलं. "नाई भाऊ. काहीच नाई वाटलं."

त्यांनी माझ्या हातातून फळी काढून घेतली आणि मेन स्विच पाडला.

"मंग जा घरी. भेव लागन तवा ये. माझी अम्मी गेली होती, तवा तुझ्या बाबानं मलेबी असंच घरी धाडलं होतं."

आता घरी बसून हे लिहून राह्यली. बाबाचा दुपट्टा इथं खुंटीवरच आहे, भुशासकट.

तुमच्याकडे कोणी गेलं, तवा तुमचा भेव किती दिवसांनी परत आला?