दिदीच्या हातचा ठेचा

आता सांगायला बसलेच आहे, तर चहा खाली ठेवून ऐका, नाहीतर हसताना सांडेल. हसणार तुम्ही मलाच, हेही मला माहीत आहे.

मी उंद्रीची. माझी सुमनआत्या शेगावची. दर उन्हाळ्यात ती यात्रेच्या बसबरोबर स्वयंपाकाला जाते. या मे महिन्यात बस निघाली नेपाळला आणि तिची मदतनीस आयत्या वेळी आजारी पडली. आत्याचा बाबांना फोन आला, "पोरीले धाडून दे. पोळ्या लाटते, बोलत त काहीच नाही. मले असंच माणूस पायजे."

अशी मी परदेशात नोकरीला लागले!

पोखऱ्याला आमचा मुक्काम लांबला, कारण पुढे मुक्तिनाथला मोठी बस जात नाही. यात्रेकरू जीपने थोडे थोडे जाऊन येणार आणि आमची चूल एका लॉजच्या मागच्या अंगणात, पत्र्याखाली. सकाळी कणीक मळताना मान वर केली की समोर बर्फाचा डोंगर! आमच्याकडे मे महिन्यात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे दिसतो. मी पाहतच राहायची आणि आत्या ओरडायची, "डोंगर कुठी पळून नाही चालला! कणीक पाह्य!"

आत्याचा एक कडक नियम होता. यात्रेत ठेचा नाही. "म्हातारी माणसं हायेत. डोंगरात कोणाचं पोट बिघडलं त मी काय करू? ठेच्याचं नाव जरी घेतलं, त पुढच्या साली तुले आणणार नाही."

आणि मला तर पुढच्या सालीच काय, जन्मभर यायचं होतं.

आता गोंधळ कुठे झाला बघा. अंगणाच्या भिंतीत एक छोटं फाटक होतं. पलीकडे एक बाई चुलीवर काही ना काही करत असायची. सगळे तिला दिदी म्हणायचे. एके दुपारी आत्या भाजी आणायला गेली होती. दिदीने फाटकातून वाटी पुढे केली, "ले लो बहिनी, गुंद्रुक है." वाळवलेल्या आंबट पाल्याची गरम भाजी. काय चव होती! मी वाटी पुसून खाल्ली.

आणि मग आठवलं, वाटी परत करायची आहे.

तुमच्या घरी काय करतात? रिकामी वाटी देतात का शेजारी? नाही ना! काहीच नसलं, तर चिमूटभर साखर घालतात. पण हे परदेश! चिमूटभर साखर देऊन देशाचं नाक कापायचं का? मी इकडेतिकडे पाहिलं. हिरव्या मिरच्या होत्या, लसूण होता, शेंगदाणे होते. तव्यावर भाजलं, मीठ टाकलं, तांब्याच्या बुडाने रगडलं आणि वाटीभर ठेचा दिदीला देऊन आले.

एवढंच. विषय संपला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दिदी आली ती डबा घेऊन. डब्यात सेलरोटी, म्हणजे तांदळाच्या पिठाची तळलेली गोल कडी. आता डबाभर ठेचा देणं आलं! त्याच्या दुसऱ्या दिवशी पातेलं. पातेल्यात बटाट्याचं लोणचं. नको म्हणायचं? त्यासाठी तोंड उघडावं लागतं हो! वर्गात हजेरीला मी "उपस्थित" म्हणते, तर बाई म्हणतात, "ही आजही आली नाही का?"

मग रोज दुपारी आत्या बाजारात गेली की मी तांब्या घेऊन बसायची. रगड रगड रगड! हातांची आग आणि डोळ्यांतून गंगा.

आत्या परत येऊन फाटकन शिंकायची. "काय ठसका होय वं हा? अन् मिरच्या काऊन कमी होऊन राह्यल्या?"

मी मान हलवायची. ती हो होती की नाही, ते मलाही कळायचं नाही.

तेवढ्यात दुसरंच संकट उभं राहिलं. पंगतीला बसून लोक जेवेनात! भात उरायचा, वरण उरायचं. वानखडे काका म्हणजे आमच्या बसमधले सगळ्यात खाणारे गृहस्थ. तेसुद्धा अर्ध्या पोळीवर हात धुवायला लागले.

"काका, पोळी घ्या ना," आत्या म्हणायची.

"नाही वं सुमनताई. हवा बदलली ना, भूकच नाही राह्यली."

आत्याचा चेहरा एवढासा झाला. मला म्हणाली, "माह्या हातची चव गेली का वं?"

एका दुपारी तिने पाहिलं, भूक नसलेले वानखडे काका डोक्याला रुमाल बांधून पुढच्या फाटकातून लगबगीने निघालेत. "चाल माह्यासंग!" तिने माझा हात धरला.

गल्लीला वळसा घालून आम्ही पलीकडच्या रस्त्यावर पोचलो. तिथे एक छोटी खानावळ. बाकड्यांवर आमची अर्धी बस बसलेली! सगळ्यांची नाकं लाल, कपाळं घामाने चिंब. काका बोटं चाटत म्हणाले, "या सुमनताई, या! नेपाळात ठेचा भेटला! बाप्पा बाप्पा, काय हात आहे त्या दिदीचा!"

दिदीचा? मी आत डोकावले. तीच! मी आजवर त्या घराची फक्त मागची बाजू पाहिली होती. एकटीने पुढच्या रस्त्याला जायची मला लाज वाटायची ना!

आत्या पदर खोचून तडक आत, चुलीपाशी. मी तिच्या पाठीमागे, जमेल तेवढी बारीक होऊन.

"ओ दिदी! हमारे लोगां को ये मिरच्या काऊन खिला रही तुम? म्हातारे लोगां है! पेट बिघड्या तो?"

दिदी चकित. "आप ही तो भेजती हैं! ये बहिनी रोज लाती है. हमारे यहाँ भी खाली बर्तन नहीं लौटाते. मैं जो भी बर्तन भेजूँ, आप ये भर-भरके भेजती हैं. इतना मैं अकेली कैसे खाऊँ? ग्राहकों को देती हूँ." मग तिने आत्याचे हात धरले. "अब बस कीजिए दीदी. सेल तलते-तलते मेरा कंधा गया!"

आत्या हळूच माझ्याकडे वळली. मी माझ्या चपलांकडे पाहत होते. पुढचा उन्हाळा गेला, हे मला त्या चपलांवर स्पष्ट दिसत होतं.

बाहेर आल्यावर आत्याने विचारलं, "कोणाचं पोट बिघडलं का?"

मी मान हलवली. नाही.

"मंग उद्या पंगतीले तूच बनव. माह्या चुलीवर, माह्यासमोर. पण दिदीचा ठेचा तुहा होता, हे मी नाही सांगणार. ज्याचा ठेचा त्यानं बोलावं. लोकायसमोर तोंड उघडता आलं, त पुढच्या साली येजो."

दुसऱ्या दिवशी मी ठेचा केला. तोच. त्याच मिरच्या, तेच मीठ, तोच तांब्या. आत्याने जाहीर केलं, "आज पोरीनं ठेचा केला!"

वानखडे काकांनी बोटावर घेतला, डोळे मिटले. पंगत थांबली.

"बरा आहे. पण दिदीच्या हातची सर नाही."

"नाहीच!" अख्ख्या पंगतीने माना डोलावल्या.

आत्याने मला कोपर मारलं. "बोल ना वं!"

मी मान वर केली. तोंड उघडलं. आणि काय बोलले असेन?

"हो काका. शिकून घेईन."

आत्याने कपाळाला हात लावला. पण काका इतके भले, की संध्याकाळी स्वतः मला दिदीकडे शिकवणीला घेऊन गेले. दिदीला ठेचा येतो कुठे! पण गिऱ्हाइकासमोर नाही कसं म्हणणार? तिने मिरच्या तव्यावर टाकल्या आणि माझ्या कानाशी लागून विचारलं, "बहिनी, अब क्या डालूँ?"

मी हळूच म्हटलं, "लसूण."

"पोरी!" काका गरजले. "शिकाले आली ना तू? मंग मंधात काऊन बोलून राह्यली?"

दिदीने घाबरून हाताला लागली ती हळद चमचाभर ओतली.

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्यलं? हेच राहून गेलं होतं तुह्याकडून!"