पेशी चमकेनात

सरोजिनीअक्का मूळच्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. चेन्नईच्या गिंडी भागातल्या एका छोट्या औषध-संशोधन कंपनीत त्या अकरा वर्षं पेशी वाढवत होत्या. मेंदूच्या पेशींवर रासायनिक निरोप घेणारा रिसेप्टर असतो. त्याचा जनुक या पेशींमध्ये मुद्दाम घातलेला होता. निरोप पोचला की पेशी हिरव्या चमकत. अपस्माराच्या फिटवरचं नवं औषध ती चमक कमी करतं का, हे पाहायचं.

त्या सोमवारी औषध घालण्याआधीच प्लेटमध्ये अंधार.

“मशीन बिघडलं असेल,” नागपूरहून आलेला तरुण शास्त्रज्ञ कौशिक म्हणाला. मशीन ठीक होतं.

अक्कांना वेगळीच शंका आली. पेशींच्या खाद्यात एक अँटिबायोटिक मिसळावं लागे. घातलेला जनुक टाकून देणाऱ्या पेशी त्यानं मरत आणि चमकणाऱ्याच उरत. महिन्यापूर्वी खाद्य बनवताना फ्रीझरचा अलार्म वाजला आणि त्या धावल्या होत्या. बाटलीवर ‘घातलं’ अशी खूण त्यांचीच होती. पण ती घातल्यावर केली, की आधीच? काही केल्या आठवेना.

पेशी जुन्या झाल्या म्हटलं असतं, तर कुणी विचारलं नसतं. दुपारभर त्यांनी तेच मनात घोळवलं. चार वाजता त्या कौशिकसमोर उभ्या राहिल्या.

“सर, चूक बहुतेक माझी आहे.”

सगळं ऐकून त्यानं मागच्या प्लेटांचे आकडे काढले. “अक्का, तीन आठवडे चमक कमी दिसतेय म्हणून आपण दोन औषधं गुणकारी ठरवली.”

“आणि चमक पेशींचीच गेली असेल तर?”

“तर ती औषधं कदाचित काहीच करत नसतील.”

द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेली जुन्या पेशींची कुपी काढली. त्या पेशी पुरेशा वाढायला नऊ दिवस लागणार होते. अक्का घरी नवऱ्याला, वसंतरावांना, तीन-तीनदा विचारायच्या, “गॅस बंद केलात ना?”

दहाव्या दिवशी प्लेट हिरवीगार चमकली. अक्कांनी वहीत आकडे उतरवले. अंधारलेल्या पेशी मात्र अँटिबायोटिक घालताच मेल्या; चूक त्यांचीच होती, हेही त्यातून उघड झालं.

पुन्हा तपासल्यावर दोनपैकी एक औषध फोल निघालं. दुसऱ्यानं खरोखरच चमक कमी केली, ते उंदरांवरच्या चाचणीला गेलं. कौशिकनं अक्कांना कामावरून काढलं नाही. मात्र प्रत्येक बाटलीवर आता प्रयोगशाळेतल्या नंदिताची, त्यांच्या लेकीच्या वयाच्या सहकारी मुलीची, दुसरी सही लागते. पहिल्या दिवशी अक्कांना ते फार लागलं. तरी त्यांनी पेन तिच्यापुढे सरकवलं.