खालच्या ओठावरचं शीत

माझ्या जबड्यातली गाठ तिसऱ्यांदा उगवली तेव्हा आम्ही टोकियोजवळ ग्योतोकुला राहत होतो. आधी दोनदा पुण्यात खरवडून काढली होती. कॅन्सर नव्हे, पण चिवट इतकी की बाईसाहेब कुणाला दाद देत नव्हत्या.

टोकियोतल्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. जबड्याचा तेवढा तुकडा कापून तिथे पायाचं हाड बसवायचं. गाठ परतण्याची भीती कमी, पण खालच्या ओठाची जाणीव जाणार. नाहीतर ओठाची नस सांभाळत दर काही महिन्यांनी खरवडत राहायचं, हाड आपलं आपण भरून येईपर्यंत. मग त्यांनी मला विचारलं, यातलं काय गमवायची तुमची तयारी नाही?

उत्तर नवऱ्याने दिलं. चार वर्षं इथल्या प्रत्येक खिडकीवर माझ्या वतीने तोच बोलत आला होता. कापून टाका, एकदाची ब्याद जाऊ दे, असं त्याने अदबीने सांगूनही टाकलं. भीतीपोटीच बोलला बिचारा, पण माझं डोकं फिरलं. स्टेशनजवळच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, गल्ल्यावर उभी राहून मी दोन वर्षं जपानी बोलतेय, हे तो साफ विसरला होता.

गिऱ्हाइकांशी बोलायच्या त्या अतिनम्र जपानीत मी म्हणाले, "मध्येच बोलते, क्षमा असावी. हा जबडा मी वापरते. मला माझ्या दातांनी चावायचंय, आणि माझा ओठ मला कळायला हवाय."

डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

अडीच वर्षांत तीनदा खरवडलं. नस वाचली, पण दुखावली. ओठ बधिर झाला. हाडातली पोकळी सिरिंजने पाणी सोडून धुवायचं काम नवऱ्याने स्वतःकडे घेतलं. रोज, ऑफिसला निघण्याआधी. जेवताना ओठाला शीत चिकटलं तरी मला पत्ता नसायचा. तो काही न बोलता स्वतःच्या ओठाला बोट लावायचा, की मी पुसायचे. चारचौघांतही हे चालायचं. मला लाज वाटायची, आणि त्याच्याबद्दल मायाही.

गेल्या महिन्यात वरणभात जेवताना त्याचं बोट असंच वर गेलं. तोवर मी शीत पुसलं होतं.

"कळलं तुला?" त्याने विचारलं.

"कळलं."

त्याचं बोट ओठावर तसंच राहिलं.