भावाचा पाट

१९८१ साली मी बत्तीस वर्षांचा होतो. आज नातीच्या इंग्रजी व्याकरणाचं कोरं पुस्तक उघडलं, आणि त्या वासानं ती संध्याकाळ आठवली.

घडियाळी पोळ या गल्लीतल्या आमच्या खोलीत धाकटा भाऊ पाटावर बसून माझ्या बायकोला मॅट्रिकसाठी व्याकरणाच्या नव्या पुस्तकातून अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह शिकवत होता. वाक्य जमलं तशी ती खळखळून हसली. माझ्यापुढे अशी कधी हसली नव्हती. मी चौथी नापास, बाजव्याच्या कारखान्यात फिटर.

“मलाही सांगा की,” मी म्हटलं.

“दादा, रहेवा दे!” भाऊ गुजरातीत म्हणाला.

“अहो, तुम्हाला नाही कळायचं,” तीही म्हणाली.

मी जळलो. तिला फक्त उत्तर जमल्याचा आनंद होता, हे आता कळतं. जळणं मात्र गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर खाडा केला, रावपुऱ्यातल्या दुकानातून तेच पुस्तक माझ्यासाठी आणलं, भावाच्या पाटावर मांडी घातली आणि तिला म्हणालो, “शिकव.”