पुलीकडचं सील की गिअरबॉक्सकडचं

आई गेल्यावर बाबा साताऱ्याहून कोलकात्याला, डमडमला माझ्याकडे आले, ते चार दिवसांसाठी म्हणून. लेकीच्या घरी फार राहू नये, हा त्यांचा हट्ट. मला ते कायमचे हवे होते, पण तसं नुसतं म्हटलं तरी लगेच पिशवी भरायला घ्यायचे. रविवारचं परतीचं तिकीटही काढून बसले होते.

शुक्रवारी संध्याकाळी माझ्या जुन्या मोटारीखाली तेलाचं थारोळं दिसलं. बाबांचा जन्म गॅरेज चालवण्यात गेलेला. वाकले, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर बोट फिरवलं आणि उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "क्रँकशाफ्टचं ऑइल सील गेलं. तेही गिअरबॉक्सकडचं! सगळा गिअरबॉक्स उतरवायला लागणार. माझं तिकीट रद्द कर."

"काहीतरीच! पुढच्या पुलीकडचं सील असणार. तेल वाऱ्याने मागे आलंय." तेल अडवणाऱ्या अशा रबरी कड्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना असतात, आणि मीही त्यांचीच लेक. लहानपणी बाहुल्यांपेक्षा पाने-स्क्रूड्रायव्हर जास्त हाताळलेत.

वाद मिटेना. शेवटी मी इंजिन खालून पुसून कोरडं केलं, त्यावर घामोळ्यांची पावडर भरभरून मारली आणि गाडी चालू ठेवली. समोरच्या बाल्कनीतल्या बंगाली काकू म्हणाल्या, "गाडी को भी घमौरी हुई क्या?"

थोड्या वेळाने पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उतरली, ती पुलीमागून. जिंकले! मी नाचायचीच बाकी होते. मग बाबांचा पडलेला चेहरा दिसला. हे तर अर्ध्या दिवसाचं काम. कशाला मेली हुशारी केली, असं झालं मला.

शनिवारी सकाळी मल्लिकबाजारातल्या मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानातून नवं सील आणलं. पट्टा काढला, पुली ओढली. शाफ्टला ओरखडाही न पाडता बाबांनी जुनं सील उपसलं. त्याचं रबर पार कडक झालं होतं. नव्याच्या कडेला तेल लावलं, पण ते सरळ ठोकायला मापाचं नळकांडं हवं होतं. बाबा उठले ते थेट स्वयंपाकघरातून माझा चकलीचा पितळी सोऱ्या घेऊन आले.

"बाबा, खबरदार!"

ऐकतात कसले! ठोकलाच. सील मात्र झकास बसलं.

संध्याकाळी विमानतळापर्यंत चक्कर मारून आलो आणि मी गाडीखाली शिरले. सगळं खडखडीत कोरडं. बाबा बाजूला फडक्याला हात पुसत उभे होते. तिकीट उद्याचंच होतं.

"बाबा, गिअरबॉक्सकडे जरा ओल वाटतेय हो."

ते कण्हत माझ्याशेजारी आडवे झाले, टॉर्च मारला. त्या कोरड्या लोखंडाकडे बराच वेळ बघत राहिले.

"आहे खरी," ते म्हणाले. "अशी गाडी लेकीकडे सोडून जायचं तरी कसं?"