काकी आणि तिच्या बोडक्या मानेच्या कोंबड्या

काकी बसली की हलत नसे. गालावर माशी बसली तरी हात उठत नसे, पापणी लवत नसे. लग्न होऊन मी बेटाच्या उत्तरेकडल्या त्रियोलेहून पूर्वेकडल्या सांत्र द फ्लाकजवळच्या आमच्या गावात आले, त्या पहिल्याच आठवड्यात कुंपणापलीकडे फणसाखाली तिला तशी बसलेली पाहिली आणि घाबरून सासूबाईंना हाक मारली. मला वाटलं, म्हातारीचं काही बरंवाईट झालं. सासूबाई हसल्या. "काय झालं न्हाय गो तिला. कोंबडी माणसाळवते ती."

त्या कोंबड्या दिसायला कुरूप होत्या. मानेवर एक पीस नाही, उन्हानं करपल्यासारखी लाल कातडी, लांब पाय आणि नजर सदा संशयी. खुराड्यात त्या राहायच्या नाहीत. झोपायला फणसाचा शेंडा, अंडी घालायला उसाचं रान. गावात रोग आला की घराघरातल्या गुबगुबीत कोंबड्या माना टाकायच्या आणि या मात्र मजेत उकिरडा उकरत असायच्या. मुंगसाशीसुद्धा त्या भांडत. काटक अशा की विचारू नका. पण हाताला लागत नाहीत म्हणून दुसरं कोणी त्या पाळत नव्हतं. गावातली टवाळ पोरं त्यांना बोडक्या म्हणत आणि काकीलाही. ती तरुणपणीच विधवा झाली होती, त्यामुळे तो शब्द दोन्हीकडून कापायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. "मी बोडकी, माजी पाखरं बोडकी," ती म्हणायची. "थंडीत मानेला वारा लागतो, येवढंच."

माणसाळवायची तिची एकच रीत होती. रानातून वाळवीचं वारूळ फोडून आणायचं, पायाशी ठेवायचं, ओंजळीत कण्या घ्यायच्या आणि बसायचं. पिल्लं आधी उसातूनच बघत. मग अंगणाच्या कडेपर्यंत येत, परत पळत. ती बोलवायची नाही, दाणे फेकायची नाही. एकदा एक पिल्लू माझ्या अगदी पायाजवळ आलं तेव्हा मी झडप घालून पकडायला गेले. काकी पहिल्यांदाच माझ्यावर वैतागली. "धरू नको गो! आपून बसायचं, बास. त्याला वाटंल तवा ते येल." आणि खरंच, काही दिवसांनी तेच पिल्लू तिच्या गुडघ्यावर चढून, डोळे मिटून झोपलं. अशा वेळी तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, ते तिनं कधी शब्दांत सांगितलं नाही.

तिला एकच मुलगी होती, सुमन. ती क्वात्र बॉर्न शहरात दिलेली. जावई सरकारी कचेरीत कारकून. दुसऱ्या बाळंतपणात सुमन गेली, बाळही गेलं. दिवसकार्य झाल्यावर जावई पाच वर्षांच्या मंदाला घेऊन आले आणि म्हणाले, "आई, थोडे दिवस ठेवून घ्या हिला. मला काही सुचत नाही."

मंदा बोलत नव्हती. जेवायला बोलावलं की उसाच्या सरीत जाऊन लपायची. अंगाला हात लावला तर चावायची. गावातल्या बायकांनी नाना उपाय सांगितले. मंत्रून घ्या म्हणाल्या, दोन रट्टे द्या म्हणाल्या. काकी म्हणाली, "लेस ली. असू दे तिला." रोज दुपारी ताट वाढून ती उसाच्या कडेला ठेवायची आणि स्वतः थोड्या अंतरावर पाठमोरी बसायची. ताट रिकामं झालं की न बोलता उचलून न्यायची. पोटची मुलगी जाऊन महिना झाला नव्हता आणि ही बाई तशी दगडासारखी बसून राहायची. मी कुंपणाशी उभी राहून रडायचे. ती रडली नाही. हलली असती तर पोर पळाली असती.

मंदाला आधी एका करड्या तलंगेनं जवळ केलं. त्या कोंबडीचा एक पाय अधू होता. एके दिवशी पाहते तर मंदा फणसाखाली काकीपासून हातभर अंतरावर बसलेली, मांडीवर ती तलंग आणि दोघीही तितक्याच स्तब्ध. पुढं ते हातभर अंतरही कमी होत गेलं. पण तोंडातून शब्द नव्हता.

मग ते मोठं वादळ आलं. आमच्या बेटावर वादळं काही नवी नव्हती, पण तसं वादळ त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे शाळेच्या इमारतीत जाऊन बसलो. भर दुपारी आमच्या डोळ्यांदेखत काकीच्या घराचं पाचटाचं छप्पर उडालं, मग भिंती, मग फणस मुळासकट आडवा झाला. शाळेची एक खिडकी निखळून आत पडली तेव्हा मंदानं किंकाळी फोडली, "आजी!" आणि ती काकीच्या कुशीत शिरली. तिच्या झग्याच्या आत ती लंगडी तलंग होती. काकीनं दोघींना पदराखाली घेतलं. त्या सगळ्या आकांतात मी तिचा चेहरा पाहिला. घर गेलं होतं आणि ती बाई सुखात होती.

ते सुख आठवडाभर टिकलं. रस्ते मोकळे झाले, बस सुरू झाली आणि जावई आले. मधल्या काळात त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, सिमेंटचं घर बांधलं होतं. ते वाईट माणूस नव्हते. आडव्या फणसाकडे आणि चार पत्र्यांच्या आडोशाकडे बघून एवढंच म्हणाले, "आई, इथं कशी राहील ती? तिकडे शाळा आहे, पक्कं घर आहे."

काकी म्हणाली, "न्या."

पण मंदा बसमध्ये चढेना. दोन्ही हातांनी तिनं आजीचं लुगडं धरलं. वडील ओढत होते, बसवाला घाई करत होता. तेव्हा काकीनं जे केलं ते तिनं कुठल्याही पाखराशी केलं नव्हतं. तिनं मंदाची बोटं सोडवली, मागं ढकललं आणि कर्कश ओरडली, "हुश्! जा म्हटलं ना! जा!" पोरीचा चेहरा मिटला. ती मुकाट्यानं चढली. बस वळेपर्यंत काकी ताठ उभी होती. मग रस्त्यातच खाली बसली.

दोनेक महिन्यांनी ती लंगडी तलंग केवड्यासारख्या वाकवाच्या पानांच्या टोपलीत घालून काकी क्वात्र बॉर्नला निघाली. सोबतीला मी होते. मंदाच्या सावत्र आईनं आमचा पाहुणचार केला, चहा दिला, मंदाला हाका मारल्या. मंदा खोलीतून बाहेर आली नाही. "राहू दे," काकी म्हणाली आणि व्हरांड्यात जाऊन बसली, टोपली पायाशी ठेवून, तशीच, न हलता. सगळी दुपार गेली. मी म्हटलं, "काकी, आत जाऊन बघू या का?" तिनं मानेनंच नको म्हटलं. शेवटच्या बसची वेळ झाली. टोपली तिथंच ठेवून आम्ही निघालो.

पुढं दिवाळीला जावई भेटायला आले, तेव्हा बोलता बोलता मोकळेपणानं म्हणाले, "आई, तुमची कोंबडी फार चवदार निघाली हो." काकीनं मान खाली घातली. "बरं झालं," ती म्हणाली. "पोटात गेली."

त्यानंतर काकीनं एकही पाखरू माणसाळवलं नाही. वादळातून काही कोंबड्या वाचल्या होत्या, उसाला घट्ट धरून बसलेल्या. त्या परत आल्या, अंगणाच्या कडेला उभ्या राहून तिची वाट बघू लागल्या. ती पत्र्याआड बसून राहायची. हळूहळू त्या रानातच राहू लागल्या, अंडी मुंगसांनी खाल्ली, तोडणीच्या वेळी मजुरांनी दगड मारून काही टिपल्या. "काकी, थोड्या तरी ठेव," मी म्हणायचे. ती म्हणायची, "कशाला गो? माज्याकडं येऊन कुणाचं भलं झालं?" एका हिवाळ्यात ती गेली. मंदाची परीक्षा होती, त्यामुळे जावई एकटेच आले.

पुढच्या वर्षी क्वात्र बॉर्नच्या कपड्यांच्या बाजारात मंदा भेटली. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, हनुवटी हुबेहूब सुमनची. मराठी तिला समजत होती, बोलत ती बेटावरची क्रेओलच होती. मी आजीची आठवण काढली. ती म्हणाली, "आजीनं मला हाकलून दिलं होतं. तेवढंच आठवतं."

तिथंच, कापडांच्या ढिगांपाशी उभं राहून मी तिला सगळं सांगितलं. ताटाचं, वादळाचं, बसपाशी सोडवलेल्या बोटांचं. आजी दुपारभर व्हरांड्यात कशी बसून राहिली, तेही सांगितलं. मंदानं ऐकून घेतलं. हातातल्या कापडाची तिनं घडी घातली.

मग म्हणाली, "त्या दुपारचं ठाऊक आहे मला. पडद्याआड उभी राहून मी तिला बघत होते. ती आत येऊन मला उचलून नेईल म्हणून वाट बघत होते."